बॅटरीचं पासबुक : कॅरॅव्हॅनमध्ये बॅटरी मॉनिटर बसवताना

गेल्या दोन भागांत आपण पाणी आणि गॅस पाहिला. आज वीज, आणि तीही एवढीच, की बॅटरीत किती उरली आहे हे खात्रीने कसं कळावं.

इंदूरच्या एका दांपत्याने मला हा प्रश्न विचारला. गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर, त्यात १५० अँपिअर-तासांची ट्यूबलर बॅटरी, छपरावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज. ऑक्टोबरात कच्छकडे निघायचा बेत आहे. बरोबर आई आहेत आणि आईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. भिंतीवर चार हिरवे दिवे आहेत, रात्री झोपताना तीन लागलेले असतात, तरी पहाटे फ्रीज बंद पडतो. असं का?

कारण ते दिवे फक्त व्होल्टेज मोजतात. आता व्होल्टेज खोटं नसतं, पण ते त्या क्षणाचं असतं. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी असताना १२.२ आणि रिकामी होत आली की ११.८ च्या आसपास. हे आकडे बॅटरी काही तास निवांत पडलेली असेल तरच खरे. दुपारी पॅनेल चालू असताना तीच बॅटरी १४ दाखवेल. इन्व्हर्टरवर मिक्सर लावलात की झटकन ११.५ वर येईल आणि मिक्सर थांबला की पुन्हा वर जाईल. धावून आलेल्या माणसाची नाडी पाहून त्याच्या तब्येतीबद्दल बोलण्यासारखंच हे.

लिथियम बॅटरीत तर हा घोटाळा आणखी मोठा. आपल्याकडे कॅरॅव्हॅनसाठी जी लिथियम आयर्न फॉस्फेट मिळते, ती ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत उतरताना व्होल्टेज जेमतेम पाव व्होल्टने हलतं. चार दिव्यांच्या पट्टीला त्यातलं काही कळणार नाही.

म्हणून मोजायचा तो प्रवाह. किती अँपिअर आले, किती गेले, किती वेळ, याची सतत बेरीज-वजाबाकी. बँकेच्या पासबुकासारखं. बॅटरी मॉनिटर हेच करतो आणि त्याचं मुख्य अंग म्हणजे शंट. शंट म्हणजे दोन जाड बोल्टच्या मध्ये बसवलेला धातूचा पट्टा, ज्याचा रोध अत्यंत कमी पण नेमका ठरवलेला असतो. ५०० अँपिअरच्या शंटमधून पूर्ण ५०० अँपिअर गेले तर त्याच्या दोन टोकांमध्ये ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. पाच अँपिअर गेले तर अर्धा मिलिव्होल्ट. मॉनिटर तो फरक वाचतो आणि त्यावरून प्रवाह काढतो.

शंट बसतो बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला, आणि इथे एकच नियम पाळायचा: बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर फक्त एक केबल राहिली पाहिजे, शंटकडे जाणारी. बाकी सगळं, म्हणजे दिवे, फ्रीज, इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, चार्जर आणि चासीचं अर्थिंगसुद्धा, शंटच्या दुसऱ्या टोकाला. ट्रेलरमध्ये पुढच्या गाडीच्या अल्टरनेटरकडून येणारी चार्जिंगची लाइन विसरली जाते. तिची निगेटिव्ह थेट बॅटरीला लागली असेल, तर गाडी चालताना भरलेली वीज पासबुकात कधीच चढणार नाही. सोलर कंट्रोलरच्या बाबतीतही हेच. बसवणारा मिस्त्री सवयीने त्याची काळी वायर बॅटरीवर आवळून मोकळा होतो.

काम सुरू करताना क्रम महत्त्वाचा. गाडीचा प्लग काढा, बाहेरची वीज काढा, इन्व्हर्टर बंद करा. मग सोलर कंट्रोलरची पॅनेलकडची बाजू तोडा. बॅटरीची बाजू आधी तोडली तर काही कंट्रोलर बिघडतात. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. अंगठी, कडं, घड्याळ आधीच उतरवून ठेवा. बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये पान्हा टेकला तर तो क्षणात लाल होतो, आणि तिथे बोट सापडलं तर मग इन्सुलिनचा प्रश्न बाजूलाच राहील.

शंट बॅटरीजवळ असावा, पण लेड-ॲसिड असेल तर बॅटरीच्या बंद पेटीत नको. तिथे ॲसिडची वाफ असते, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. पेटीबाहेर कोरडी जागा पाहून पक्का स्क्रूने बसवा. बॅटरी ते शंट केबल आखूड आणि जाड. १,००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टमध्ये ९० अँपिअरच्या पुढे ओढतो, त्याला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी. टोकाचे लग क्रिम्पिंगच्या अवजाराने दाबलेले हवेत, पक्कडीने चेपलेले नकोत. ढिला जोड तापतो, आणि आगी तिथूनच लागतात. मॉनिटरला वीज देणारी बारीक लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येते. तिला बॅटरीपाशीच छोटा फ्यूज असलाच पाहिजे.

जोडून झालं की परीक्षा घ्या. सगळं बंद असताना आकडा शून्याजवळ हवा. एक दिवा लावा, उणे दिसलं पाहिजे. मग सोलर, चार्जर आणि गाडी एकेक करून चालू करा. प्रत्येक वेळी आकडा वाढला पाहिजे. एखादा चालू करूनही आकडा हलला नाही, तर त्याची काळी वायर शंटला चुकवून गेली आहे.

आता सेटिंग. पेटीतून काढलेला मॉनिटर तुमची बॅटरी ओळखत नाही. क्षमता लिहा, पण लेबल नीट वाचून. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीची क्षमता बहुधा २० तासांच्या हिशेबाने छापतात आणि सोलर बॅटरीची १० तासांच्या. मॉनिटर सहसा २० तासांचा आकडा मागतो. दुसरं, बॅटरी भरली हे त्याने कधी मानायचं? लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत नेत असेल तर इथे १४.२ ठेवा, आणि आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या ४ टक्क्यांखाली, म्हणजे १५० ला ६ अँपिअरखाली, गेला की भरली समजायचं. सोलरवाल्यांची फसगत इथेच होते. ढग आला की व्होल्टेज अजून वर असतानाच प्रवाह पडतो आणि मॉनिटर खुशाल १०० टक्के लिहून मोकळा होतो. म्हणून ही अट किती मिनिटं टिकली पाहिजे तो वेळ वाढवून ठेवा.

इंदूरकरांचा हिशेब करू. फ्रीज चालू-बंद होत सरासरी २ अँपिअर घेतो, दिवसाला ४८. पंखा १२, दिवे, पंप, मोबाईल मिळून १०. झाले ७०. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे १५० मधले वापरायचे ७५. एक ढगाळ दिवस आणि सगळं संपलं. रात्री आठ ते सकाळी आठ फ्रीजला २४, पंख्याला १२, बाकी ६, असे ४२ लागतात. शिलकीतले ७५ धरून ११७. म्हणून संध्याकाळी आठला मॉनिटर ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर मुक्काम वीज मिळेल अशा ठिकाणी करायचा किंवा गाडी तासभर चालू ठेवायची. हा निर्णय वेळीच घेता येतो, यासाठीच तर हे यंत्र.

लेहसारख्या थंडीत वेगळी काळजी. शून्य अंशाला लेड-ॲसिडची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि साध्या मॉनिटरला ते कळत नाही. तापमानाची वायर असलेला घ्या. लिथियम फॉस्फेट शून्याखाली चार्ज करायचीच नाही. फौजेत उंचावर वायरलेसच्या बॅटऱ्या जवान रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचे, ते उगाच नव्हे.

आणि पासबुकालाही अधूनमधून बँकेशी जुळवून घ्यावं लागतं. बारीक चुका साठत जातात, म्हणून आठ-पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्या. बॅटरी जुनी झाली हेही मॉनिटरला आपोआप समजत नाही. तो ५० टक्के म्हणतोय आणि निवांत बॅटरी ११.९ व्होल्टच दाखवतेय, तर विश्वास व्होल्टेजवर ठेवा आणि सेटिंगमधली क्षमता कमी करा. इंदूरच्या बॅटरीला चार वर्षं झाली आहेत. त्यांनी निघण्याआधी घरीच ती पूर्ण भरावी, एक रात्र फ्रीज आणि पंखा चालवून सकाळी दोन्ही आकडे ताडून पाहावेत, आणि मगच कच्छचा रस्ता धरावा.

पुढच्या भागात सोलर कंट्रोलर.