न झिजतां निकामी होणारीं यंत्रें



'ड्रायव्हर' हा शब्द कानीं पडला कीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें राजूर घाटाचीं वळणें घेणारी एस. टी. आणि तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला खाकी वेषांतील गृहस्थ उभा राहतो. मी आज ज्या ड्रायव्हरविषयीं बोलणार आहें तो डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु तो रुसला म्हणजे लाख रुपयांचें यंत्र जागच्या जागीं मुकें होऊन बसतें. लग्नांच्या चित्रफिती घेणें व त्या कापून-जोडून यजमानांच्या हातीं देणें हा माझा चिखली येथील गेल्या वीस-बावीस वर्षांचा व्यवसाय. या काळांत माझें एकही यंत्र खऱ्या अर्थानें झिजून बंद पडलेलें नाहीं. जीं बंद पडलीं, तीं धडधाकट असतांनाच. हें कसें होतें तें सांगण्याचा आज विचार आहे.

व्हिडिओ संपादनाच्या खोलींत संगणकाखेरीज निदान दोन-तीन उपकरणें लागतात: कॅमेऱ्यांतील चित्र संगणकांत आणणारें कॅप्चर कार्ड, चित्राच्या रंगांचें व हालचालींचें गणित करणारें ग्राफिक्स कार्ड, आणि आवाजाचें यंत्र. प्रत्येकाच्या पोटांत एक चिप असते व तींत त्या यंत्रानें कसें वागावें याची शिकवण, वीज गेली तरी पुसली न जाईल अशा रीतीनें, लिहिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ही यंत्राची स्वतःची शिकवण झाली. संगणकाशीं बोलणें चालतें तें मात्र ड्रायव्हरच्या मार्फत. खामगांवच्या बाजारांत कापूस नेलेल्या शेतकऱ्याला ही व्यवस्था निराळी समजावून देण्याची गरज नाहीं. शेतकऱ्याचा माल खरा, व्यापाऱ्याचा पैसा खरा; पण मधला अडत्या नसेल तर गाडी दिवसभर दारांतच उभी राहील. ड्रायव्हर हा तसा अडत्या होय. बाजाराचे नियम बदलले, पावतीचा नमुना बदलला, कीं अडत्यानें तो शिकून घेतला पाहिजे. त्याचप्रमाणें विंडोज किंवा मॅक यांसारखी संगणकाची कार्यप्रणाली बदलली कीं ड्रायव्हर नवा हवा. आणि नवा अडत्या जी बोली बोलतो ती शेतकऱ्यास समजावी म्हणून पुष्कळदां फर्मवेअरही नवें हवें.

येथवर सर्व सरळ आहे. घोटाळा होतो तो या तिघांचीं घड्याळें निरनिराळीं चालतात म्हणून. कार्यप्रणाली रात्रीं आपण होऊन बदलते, ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीनें निघतो, आणि फर्मवेअर बहुधा मालकालाच बसवावें लागतें. संपादनाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ति घ्यावी, तर ती म्हणते ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. तो नवा घालावा, तर कॅप्चर कार्ड दिसेनासें होतें. त्या कार्डाचा ड्रायव्हर बदलावा, तर तो म्हणतो आधीं फर्मवेअर बदला. तेंही बदलून संगणक पुन्हा सुरू करावा, तर चित्र येतें, पण आवाज मागें रेंगाळतो. अंतरपाट दूर झाल्यावर 'सावधान' ऐकूं येतें! सोयरिकीच्या बैठकींत एका पाहुण्याची समजूत काढावी तों दुसरा उठून जातो, त्यांतलाच हा प्रकार.

पांच-सहा वर्षांपूर्वीं ऐन वैशाखांत एका कॅप्चर कार्डाचें फर्मवेअर मीं बदलावयास घेतलें. कंपनीचें नांव सांगत नाहीं. सांगून उपयोगही नाहीं. पडद्यावर सूचना आली कीं काम पुरें होईपर्यंत वीज बंद करूं नये. ही सूचना लिहिणाऱ्या गृहस्थानें आमच्याकडची वैशाखांतली वीज पाहिलेली नसावी. वळवाचा वारा सुटला, कोठें तरी तार तुटली, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी घालावयाचें मीं त्याच आठवड्यांत विसरलों होतों. कार्डाची जुनी शिकवण पुसली गेली होती, नवी अर्धीच लिहिली गेली होती. असें कार्ड संगणकाला ओळखूंच येत नाहीं, आणि ओळखूं येत नाहीं म्हणून पुन्हा शिकवितांही येत नाहीं. जगभरचे कारागीर अशा यंत्राला 'वीट' म्हणतात. कंपनीला लिहिलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं हा नमुना आतां बनत नाहीं, नवा घ्यावा. हातांतलीं तीन लग्नें अकोल्यास एका स्नेह्याच्या खोलीवर रात्रीं बसून पुरीं केलीं.

परंतु हें झालें पैशाचें नुकसान. याहून मोठें नुकसान जुन्या कॅसेटींचें आहे. 1995 सालीं डीव्ही नांवाची पद्धत निघाली आणि तिची काडेपेटीहून थोडी मोठी मिनी डीव्ही कॅसेट पुढें तालुक्यातालुक्यांत पोंचली. घरोघरचीं लग्नें, शेगांवच्या पालखीचें प्रस्थान, शाळांचीं संमेलनें, सर्व तिच्यावर उतरलें. तिच्यावर चित्र अंकरूपानें लिहिलेलें असतें: सेकंदास 25 चौकटी, आणि तासाभराचें चित्र सुमारें 13 जीबी. तें तिळमात्र उणें न होतां संगणकांत आणण्याचा राजमार्ग म्हणजे फायरवायर नांवाची तार. सोनी कंपनी तिलाच आय-लिंक म्हणे. तिचा वेग सेकंदास 400 मेगाबिट; कॅसेटीच्या चित्राला लागतात अवघे 25. तार आजही चांगली आहे, कॅमेरा फिरतो, फितीवरचा चुंबकीय लेपही पुष्कळ ठिकाणीं शाबूत आहे. गेला तो अडत्या.

2009 च्या विंडोज 7 मध्यें फायरवायरसाठीं नवा ड्रायव्हर आला. तरी जुना 'लेगसी', म्हणजे वडिलोपार्जित, या नांवानें शेजारींच ठेवलेला होता. कित्येक उपकरणांचें त्या जुन्याशींच जमत असे. 2012 च्या विंडोज 8 मधून तो वगळला गेला. ज्याला हवा त्यानें वेगळा उतरवून घ्यावा असें ठरलें. फायरवायर वाढविण्यांत ॲपल कंपनीचा पुढाकार होता, आणि त्याच कंपनीच्या 2025 सालच्या मॅकओएस टाहोमध्यें तिला थारा उरला नाहीं. सुधारणा म्हणून घेतलेली वस्तु उलट मागें नेते याचाही दाखला आहे. 2004 सालीं विंडोज एक्स्पीचा दुसरा सर्व्हिस पॅक बसविल्यावर 800 मेगाबिटांची फायरवायर 100 मेगाबिटांवर येऊन ठेपे, व त्यासाठीं निराळी दुरुस्ती घ्यावी लागे.

कंपन्यांना बाजू नाहीं असें नव्हे. ड्रायव्हर संगणकाच्या अगदीं गाभाऱ्यांत वावरतो. तेथें चोर शिरला तर सगळें घर त्याचें. म्हणूनच 64-बिट विंडोजनें व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, सहीशिवायचा ड्रायव्हर गाभाऱ्यांत घेणें बंद केलें. हें योग्यच झालें. परंतु यंत्र विकून झाल्यावर त्याचा जुना ड्रायव्हर आपल्या पानावरून काढून टाकण्यानें कोणाची सुरक्षितता साधते, तें मला अद्याप समजलेलें नाहीं. दोन-चार मेगाबाइटांची वस्तु. एका लग्नाच्या फोटोंहून तिला जागा कमी लागते.

आतां मीं स्वतःपुरते कांहीं नेम केले आहेत. लग्नसराईंत एकही गोष्ट बदलावयाची नाहीं. विंडोजच्या सुधारणा पांच आठवड्यांपर्यंत थांबवितां येतात, त्या थांबवून ठेवतों. चातुर्मासांत लग्नें नसतात, तेव्हां सवडीनें एकेक बदल करतों, आणि त्यापूर्वीं डिस्कची संपूर्ण नक्कल काढतों. प्रत्येक ड्रायव्हर उतरविल्या दिवशींच पेनड्राइव्हवर तारीख घालून ठेवतों. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणींतून पावसापाण्याचें भाकीत सांगतात. नवा ड्रायव्हर कसा निघेल याचें भाकीत सांगणारा अजून कोणी भेटला नाहीं. आणि खोलीच्या कोपऱ्यांत विंडोज 7 चा एक जुना संगणक आहे, त्याला इंटरनेटची तार कधींच लावीत नाहीं. विजेशिवाय बाहेरचें कांहींही त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं, म्हणूनच त्याचा अडत्या अजून जागेवर आहे.

गेल्या वर्षीं मोताळ्याकडील एक शेतकरी आपल्या 2003 सालच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. तीन ठिकाणीं 'आतां निघत नाहीं' असें उत्तर मिळालें होतें. वडिलांचें फोटो घरांत होते. आवाज मात्र कोठेंच नव्हता. या कॅसेटींत ते व्याह्यांशीं बोलत आहेत, एवढें त्यांना आठवत होतें. कॅसेट उतरविण्यास तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो, म्हणून ते तासभर समोर बसून राहिले. पाऊण तास होत आला असतांना मांडवाच्या कडेला उभें राहून कोणी तरी गुळाच्या भावावरून थट्टा करीत असलेलें ऐकूं आलें. ते एकदम पुढें सरकले. म्हणाले, "भाऊ, जरा मांगं घ्या बरं." मीं सांगितलें कीं आतां मध्यें थांबवितां येत नाहीं, कॅसेट पुरी होऊं द्या, मग हवें तितक्यांदा पाहूं. त्यांनीं ती जागा नंतर चार वेळां ऐकली, पैसे दिले व पांचची गाडी गांठली.

लोकांनीं आणून दिलेल्या अशा चाळीसएक कॅसेटी माझ्या कपाटांत अद्याप उतरावयाच्या आहेत, आणि त्या जुन्या संगणकाची डिस्क अलीकडे कुरकुरूं लागली आहे. ज्यांच्या घरीं मिनी डीव्ही कॅसेटी पडून असतील त्यांनीं त्या, माझ्याकडे नव्हे तरी ज्याच्यापाशीं फायरवायर अजून चालतें आहे अशा कोणाकडेही, पुढच्या लग्नसराईच्या आंत नेऊन द्याव्या. कॅमेरा चालूं असेल तर तोही सोबत न्यावा. ज्या कॅमेऱ्यानें फीत लिहिली, त्याच कॅमेऱ्यावर ती बहुधा सर्वांत नीट वाचली जाते.