मुंग्यांचे दोन चित्रपट

भाची अमरावतीची, मी अकोल्यातला चित्रकला शिक्षक. सुट्टीत आली की तिचा प्रश्न ठरलेला: “मामा, पिक्सार भारी की ड्रीमवर्क्स?”

मी तिच्यासमोर १९९८ सालचे दोन चित्रपट ठेवतो. ऑक्टोबरात ड्रीमवर्क्सचा ‘अँट्झ’ आला, नोव्हेंबरात पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’. दोन्ही मुंग्यांचे, दोन्ही संगणकावर घडवलेले. ‘अँट्झ’मधलं वारूळ मातकट, अंधारं, नायक झी गर्दीत हरवलेला, मोठ्या माणसांसारखा कुरकुरणारा. वाळवीशी होणारं युद्ध लहानग्यांना जड जातं. ‘अ बग्ज लाइफ’मध्ये गवताच्या पात्यांतून ऊन झिरपतं आणि मुंग्यांनी वेचलेलं धान्य नाकतोडे दरवर्षी दमदाटीनं नेतात. कपाशी-सोयाबीनच्या शेतात वाढलेल्या वऱ्हाडी पोराला ही गोष्ट समजावावी लागत नाही. म्हणून घरच्यांसोबत बघायला माझं मत पिक्सारला. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांनी ‘अँट्झ’ही जरूर बघावा.

आपल्याकडेही दोन नामवंत स्टुडिओ एकाच वर्षी ॲनिमेशनच्या कलेकडे वळले होते. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘द पी ब्रदर्स’ हा लघुपट काढला, तर पुण्याच्या प्रभातनं कोल्ह्याचा ‘जंबूकाका’. संगणक नव्हताच. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला १४४० होतात. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्ग गप्प होतो.

वऱ्हाडातल्या मुलांनी आता आपल्या शेतातल्या कोल्ह्याची, कपाशीवरच्या किड्यांची गोष्ट चितारावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.