धूर, नियम आणि यंत्राची निवड

भिवंडीच्या माणकोली नाक्यावर पहाटेच्या सुमारास उभें राहिल्यास मालमोटारींची रांग संपतां संपत नाहीं. गुदामांतून निघालेला माल मुंबईकडे, ठाण्याकडे आणि नाशिककडे जात असतो. या गाड्यांच्या पोटांत कोणतें यंत्र असावें, हा प्रश्न वरकरणी कारखानदाराचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराशीं रस्त्याकांठच्या माणसांच्या फुप्फुसांचा आणि गाडीवाल्याच्या मिळकतीचा निकट संबंध आहे.

प्रथम डिझेल यंत्राचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. सिलिंडरांतील ज्वलन जितकें उष्ण, तितकी काजळी कमी व इंधनाची बचत अधिक. परंतु त्याच उष्णतेनें हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन नायट्रोजनचीं घातक ऑक्साइडें उत्पन्न होतात. ज्वलन थंड केलें, तर हीं ऑक्साइडें घटतात, पण काजळी वाढते. विस्तव फुलवावा तर भाकरी करपते, आणि मंद ठेवावा तर धूर डोळ्यांत जातो, तशांतलाच हा प्रकार.

यांतून सुटण्याच्या वाटा दोन. पहिली, धुराचा कांहीं भाग थंड करून पुन्हां सिलिंडरांत सोडण्याची. दुसरी, ज्वलन उष्णच ठेवून बाहेर पडणाऱ्या धुरांत युरियाचें द्रावण फवारण्याची. दुसऱ्या वाटेनें उत्प्रेरकाच्या साह्यानें ऑक्साइडांचा नायट्रोजन व पाण्याची वाफ होते. पहिली वाट सुटसुटीत. दुसरींत निराळी टाकी आणि द्रावणाचा नित्य खर्च. १ एप्रिल २०१७ रोजीं भारत स्टेज चारचे नियम देशभर लागू झाले, तेव्हां अशोक लेलँडनें मालमोटारींसाठीं पहिली वाट धरली. टाटा मोटर्सनें लहान यंत्रांस पहिली व मोठ्यांस दुसरी योजिली. नियम एकच, परंतु गिऱ्हाइकाचा खर्च कोठें पडावा याविषयीं दोघांचे हिशेब निराळे होते.

पुढें सरकारनें पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावी लागू केली. इंधनांतील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. डिझेल मोटारीस किलोमीटरमागें नायट्रोजन ऑक्साइडें २५० मिलिग्रॅमपर्यंत चालत होतीं, तीं ८० वर आलीं. कणांची मर्यादा २५ वरून साडेचार मिलिग्रॅमवर उतरली. आतां मोठ्या मालमोटारींस युरियाची फवारणी आणि काजळी अडविणारी गाळणी अशीं दोन्ही साधनें लागूं लागलीं.

या साधनांची किंमत गाडी लहान झाली म्हणून त्या प्रमाणांत घटत नाहीं. महाग गाडींत तो खर्च जिरतो, स्वस्त गाडींत डोईजड होतो. म्हणूनच मारुति सुझुकीनें एप्रिल २०१९ मध्यें जाहीर करून पुढल्या वर्षीं डिझेल मोटारी बंद केल्या. मोठ्या मोटारी विकणाऱ्या महिंद्रनें मात्र डिझेल सोडलें नाहीं. पेट्रोल यंत्राचें काम त्रिविध उत्प्रेरकावर भागतें व तो पुष्कळ स्वस्त पडतो.

येथें आणखी एक पेंच आहे. कारखान्याच्या सर्व मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी किती असावी, याचाहि नियम आहे. डिझेल यंत्र तेवढ्याच अंतरास इंधन कमी जाळतें, त्यामुळें ही सरासरी खालीं आणण्यास तें उपकारक ठरतें. एक नियम डिझेलला दूर लोटतो, दुसरा जवळ ओढतो. या ओढाताणींतून कारखानदार नैसर्गिक वायु, विजेची जोड असलेलें पेट्रोल यंत्र आणि निव्वळ विजेच्या गाड्या यांकडे वळले.

भिवंडीस या शास्त्राचा अनुभव निराळ्या रीतीनें येतो. गाळणींत सांचलेली काजळी जळून जाण्यास धूर पुरेसा तापावा लागतो. नाशिकच्या वाटेवर गाडी वेगांत असतां हें सहज घडतें. राजनोली नाक्याच्या कोंडींत रांगणाऱ्या गाडीचा धूर तितका तापत नाहीं, गाळणी तुंबते, यंत्राचा जोर घटतो आणि खेप चुकते. १ एप्रिल २०२३ पासून मोटारींची तपासणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरहि होऊं लागली, ती प्रयोगशाळेंतील व रस्त्यावरील धुरांत असा फरक पडतो म्हणूनच.

यास्तव गाडी घेणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं आपली रोजची वाट मोजावी. लांब पल्ल्याच्या अवजड मालास डिझेल अद्याप सोयीचें आहे. गुदामापासून गल्लीपर्यंतच्या आंखूड खेपांस वायूची वा विजेची गाडी बरी. कारखानदार यंत्र निवडतो तें सरासरी गिऱ्हाइकाकडे पाहून. आपली वाट त्या सरासरींत बसते कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे.