कर्वे आडनावाचे ग्रंथकार

कर्वे आडनावाचे ग्रंथकार : ग्रंथालयीन सूचींत ग्रंथकारांची नोंद आडनावाच्या अनुक्रमाने करण्याचा प्रघात आहे. त्यामुळे ‘कर्वे’ या शब्दाखाली आत्मचरित्र, शब्दकोश, संततिनियमन, अर्थशास्त्र, मानवशास्त्र आणि महाभारतावरील ललित चिंतन अशी परस्परांपासून दूरची पुस्तके शेजारी येतात. यांतील काही ग्रंथकार एकाच घरातील, तर काहींचा त्या घराशी आडनावापुरताच मेळ दिसतो. इंग्रजी सूचींत डी. के., डी. डी. व डी. जी. कर्वे अशी तीन नावे लागोपाठ येत असल्याने घोटाळ्याचा संभव अधिक. ही पुस्तके एकत्र वाचली असता विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक विचाराचे, विशेषतः स्त्रीविषयक विचाराचे, अनेक टप्पे दृष्टीस पडतात. मात्र एका आडनावाखाली एकच विचार नांदतो, असा समज त्यांवरून करून घेता येत नाही.

धोंडो केशव ऊर्फ महर्षी कर्वे (१८ एप्रिल १८५८–९ नोव्हेंबर १९६२) हे कोकणातील मुरूडचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून ते गणिताचे प्राध्यापक होते. प्रथम पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ या संस्था त्यांनी स्थापन केल्या. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. आत्मवृत्त (१९१५) हे त्यांचे मराठी आत्मचरित्र असून पुढे त्यांनी लुकिंग बॅक (१९३६) हे इंग्रजी आत्मकथनही लिहिले. दोन्हींची शैली निराडंबर आहे. स्वतःच्या स्वभावातील भिडस्तपणा, संस्थेसाठी दारोदार हिंडून गोळा केलेला निधी आणि समाजाचा रोष यांची हकीकत ते एकाच संथ स्वरात सांगतात.

गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे (मृत्यू १९५०). पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांचे माझे पुराण (१९४४) हे आत्मकथन त्यांच्या स्नुषा कावेरी कर्वे यांनी संपादिले. आत्मवृत्तातील तोच काळ येथे घराच्या आतून दिसतो. पतीची मिळकत संस्थेकडे वळत असताना मुलांचे संगोपन कसे करावे, हा प्रश्न या पुस्तकात वारंवार डोके वर काढतो. आश्रमास लोकांचा आश्रय मिळावा म्हणून धोंडो केशवांनी विधवांचे शिक्षण आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कार्ये वेगळी ठेवली. पुनर्विवाहित आनंदीबाईंना त्यामुळे पतीच्याच संस्थेपासून काहीसे अंतर राखावे लागले. हे शल्य त्या लपवीत नाहीत. पतीविषयीचा आदरही त्यामुळे उणावत नाही. सुधारणेची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर आत्मवृत्त व माझे पुराण ही दोन्ही पुस्तके समोर ठेवल्याखेरीज मिळत नाही.

राधाबाईंचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२–१४ ऑक्टोबर १९५३) हेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. संततिनियमन हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रचारामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत ते जवळजवळ एकट्याच्या बळावर चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर १९३१ व १९३४ मध्ये खटले झाले. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी घेतले होते. तथापि दोन्ही वेळा दंडाची शिक्षा टळली नाही. पित्याने स्त्रीच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला, तर पुत्राने स्त्रीच्या स्वतःच्या शरीरावरील अधिकाराचा. पित्याचे कार्य लोकमताला सांभाळून पुढे सरकले. पुत्राने लोकमताची पर्वा केली नाही. पित्याच्या वाट्याला हयातीतच सन्मान आला, तर पुत्राची योग्यता मोठ्या प्रमाणावर मरणोत्तर मान्य झाली.

आनंदीबाईंचे पुत्र दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे अध्यापक व फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. द न्यू ब्राह्मन्स (१९६३) या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात पाच महाराष्ट्रीय कुटुंबांतील आत्मकथने अनुवादरूपाने आली आहेत. त्यांत आपल्या वडिलांच्या आणि आईच्या अशा दोन्ही कथनांना त्यांनी स्थान दिले आहे.

त्यांच्या पत्नी इरावती कर्वे (१५ डिसेंबर १९०५–११ ऑगस्ट १९७०) या पूर्वाश्रमीच्या करमरकर. जन्म ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे. मुंबईस गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केल्यानंतर त्यांनी १९३० मध्ये बर्लिन येथे मानवशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या असमानतेचा वंशभेदाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना जर्मनीत बळावत असतानाच्या काळात तो लक्षणीय होय. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत होत्या. किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३) या ग्रंथात त्यांनी भाषिक प्रदेशांच्या आधारे भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पून त्यांतील आप्तसंबंधांची मांडणी केली. उत्तरेत विवाहानंतर मुलगी अपरिचितांच्या घरी जाते, तर दक्षिणेत मामेबहीण-आतेभाऊ यांसारख्या विवाहांमुळे ती पुष्कळदा आप्तांतच राहते. या भेदाचे स्त्रीजीवनावर होणारे परिणाम त्यांनी दाखवून दिले.

संशोधन व ललित लेखन यांमधील सीमा इरावतींच्या मराठी पुस्तकांत पुसट होते. युगान्त (१९६७) मध्ये भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी आदी व्यक्तींकडे त्या दैवतांप्रमाणे न पाहता कुलव्यवस्थेत अडकलेली माणसे म्हणून पाहतात. या ग्रंथास साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले (१९६८). परिपूर्ती, भोवरा, गंगाजल हे त्यांचे ललितलेखसंग्रह होत. पंढरीच्या वारीवरील त्यांच्या लेखाचा इंग्रजी अनुवाद दिनकर कर्वे यांनी केला. ‘परिपूर्ती’ या लेखाचा विषय तर प्रस्तुत नोंदीच्या गाभ्याशीच येऊन भिडतो. एका समारंभात वक्त्या म्हणून त्यांची ओळख करून देताना थोरांची कन्या, स्नुषा व पत्नी एवढाच परिचय सांगितला जातो आणि त्यात काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख लागते. पुढे रस्त्यात आपल्या वर्गातील कर्व्याची आई म्हणून शाळकरी मुले त्यांच्याकडे बोट दाखवितात, तेव्हा ती ओळख पुरी होते. लेखाचा सूर मिस्किल आहे. पण स्वतःचे कर्तृत्व असलेल्या स्त्रीलाही नात्याच्या नावानेच ओळखले जाते, हे निरीक्षण त्यातून सुटत नाही.

महर्षींच्या पुत्रपरिवाराबाहेरील कर्व्यांमध्ये चिंतामण गणेश कर्वे यांचे कोशकार्य प्रमुख आहे. यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासह त्यांनी संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोश सात विभागांत १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. पुढे त्यास पुरवणीही जोडण्यात आली. बोलींतील, जुन्या बखरींतील व व्यवसायांतील शब्द अवतरणांसह नोंदविल्यामुळे तो मराठीच्या अभ्यासकांस अद्यापि आधारभूत वाटतो. महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आणि शास्त्रीय परिभाषा कोश हेही याच जोडीचे कार्य होय. अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांनी भारतातील दारिद्र्य व लोकसंख्या यांवर ग्रंथ लिहिला. ग्रामोद्योग व लघुउद्योग यांविषयी १९५५ मध्ये नेमलेली ‘कर्वे समिती’ त्यांच्याच अध्यक्षतेखालील. लोकसंख्येचा प्रश्न रघुनाथ व दत्तात्रेय या दोघांनीही हाताळला. पण एकाची दृष्टी व्यक्तीच्या सुखाकडे, तर दुसऱ्याची राष्ट्राच्या अर्थकारणाकडे होती.

आडनाव असे परक्यांना एकत्र आणते, तसेच आप्तांना दूरही ठेवते. इरावतींच्या कन्या जाई निंबकर व गौरी देशपांडे (१९४२–२००३) या दोघीही लेखिका. गौरी देशपांडे यांच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत विवाह, मातृत्व व स्त्रीचे स्वातंत्र्य हे विषय प्रामुख्याने येतात. आनंदीबाईंनी घरगुती भाषेत विचारलेले आणि इरावतींनी शास्त्राच्या व पुराणकथेच्या आधारे तपासलेले प्रश्न येथे तिसऱ्या पिढीत, कादंबरीच्या रूपाने, पुन्हा उभे राहतात. सूचीत मात्र ही पुस्तके ‘कर्वे’ या शब्दाखाली सापडत नाहीत. वडिलांकडून मुलाकडे गेलेला वारसा आडनावावरून शोधता येतो. आईकडून मुलीकडे आलेला वारसा शोधण्यासाठी पुस्तकेच उघडावी लागतात.