सिम्पसनचं गाढव आणि आपली खेचरं



अँझॅक डे आला की मुलं शाळेतून सिम्पसन आणि त्याच्या गाढवाची गोष्ट ऐकून येतात. १९१५ साली गॅलिपोलीत जखमींना गाढवावरून आणणारा हा सैनिक साडेतीन आठवड्यांतच मारला गेला. त्याचा मुक्काम हिंदी तोफखान्याच्या तळावर असे, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. तिथे सुमारे १५ हजार हिंदी सैनिक होते. खेचरांवरून पाणी, दारूगोळा वर पोचवत. पण मन आकडे धरत नाही, एक चेहरा धरतं. (आणि एक गाढव!) भरतीच्या दिवसांत अशा गोष्टी हव्याच होत्या.

आपण तरी काय वेगळे? २९ एप्रिल १९१६ ला इराकात कुत इथे पुणे डिव्हिजन शरण गेली, त्यात मराठा पलटणीही होत्या. हरल्याची गोष्ट कोण सांगणार? कुणाच्या सातारा-कोल्हापूरच्या घरी त्यांची पत्रं, पदकं असतील तर आम्हाला जरूर कळवा.