हायड्रॉलिक सीट पिलरची हवा काढणे : सायकल मिस्त्रींसाठी एक नवे हुनर

सायकल आणि मोटारसायकल दुरुस्ती हा आपल्या समाजातील अनेक घरांचा जुना धंदा आहे. पंक्चर, चेन, फ्रीव्हील ही कामे सर्वांनाच येतात आणि म्हणून त्यात चढाओढही फार. हर्सूलसारख्या जळगाव रस्त्यावरच्या वस्तीत दुकान मांडणाऱ्याने चार कामे वेगळी शिकली तर गिऱ्हाईक आपणहून शोधत येते. असे एक काम म्हणजे डोंगरी सायकलच्या हायड्रॉलिक सीट पिलरची देखभाल. अशा सायकली थोड्या आहेत. पण पिलरची किंमत मोठी असते आणि बिघडला की मालकाला मिस्त्री सापडत नाही.

पिलर चालतो कसा?

हँडलवरचे बटण दाबले की सीट बसणाऱ्याच्या वजनाने खाली जाते. सीटवरचे वजन काढून पुन्हा दाबले की ती वर येते. बटण सोडले की असेल त्या उंचीवर पक्की राहते. उतारावर सीट खाली असली म्हणजे तोल सांभाळता येतो. रॉकशॉक्स कंपनीचा 'रिव्हर्ब' हा या जातीचा नावाजलेला पिलर २०१० साली बाजारात आला. त्याचा बिनतारी प्रकार २०१९ साली निघाला; त्याला नळी नसते. इथे आपण नळीवाल्या पिलरचाच विचार करू.

यात तेलाच्या दोन जागा वेगवेगळ्या आहेत. एक, बटणापासून पिलरच्या तळापर्यंतची बारीक नळी. तिच्यातील तेल आतला व्हॉल्व्ह उघडते. दुसरी, पिलरच्या पोटातील तेल. ते सीट धरून ठेवते आणि त्यामागची कोंडलेली हवा सीट वर ढकलते. ही हवा सुमारे २५० पौंड दाबाची असते. पिलर खोलणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

बंद नळातून दाब कसा पोहोचतो हे आपल्या शहराला नवे नाही. पाणचक्कीला दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आहे. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून दाब पुढे जातो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा शिरला की बोटाचा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो.

आधी रोग ओळखा

बटण पोकळ लागते, सीट हळू चालते किंवा हलतच नाही, तर दोष बहुधा नळीत आहे. हवा काढल्याने तो जातो. मात्र आधी सीट क्लॅम्प तपासा. तो जास्त आवळला तरी पिलर अडकतो.

बटण न दाबताही बसल्यावर सीट इंच-दोन इंच दबते आणि उठल्यावर वर येते, तर हवा पोटातील तेलात गेली आहे. नळीची हवा काढून हा दोष जाणार नाही. काही नव्या प्रकारांत यासाठी व्हेंट व्हॉल्व्ह दिलेला असतो. जुन्या पिलरला पूर्ण सर्व्हिस लागते. ती येत नसेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

हवा काढण्याची रीत

१. पिलर पूर्ण वर करून फ्रेममधून काढा. जुन्या बटणावर वेगाची फिरकी असते, ती बाणाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवा.

२. दोन सिरिंज घ्या. एक अर्धी भरा व तोंड वर धरून तिच्यातील हवा काढून टाका.

३. रिकामी सिरिंज बटणाच्या ब्लीड स्क्रूच्या जागी व भरलेली पिलरच्या तळाला लावा. बटण उंचावर धरा, कारण बुडबुडे वर चढतात.

४. खालून सावकाश तेल ढकला. वरच्या सिरिंजमध्ये बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. मग खालची सिरिंज काढून स्क्रू बसवा.

५. वरच्या सिरिंजने एकदा ओढा, एकदा दाबा आणि मधूनमधून बटण दाबा. बुडबुडे संपले की सिरिंज काढून स्क्रू लावा. सांडलेले तेल पुसा. डिस्क ब्रेकवर थेंबही पडू देऊ नका.

तेलात चूक नको

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकची हवा काढणाऱ्याला हे काम परके वाटणार नाही. पण त्या ब्रेकचे डॉट तेल यात अजिबात चालत नाही. त्याने रबरी सील फुगून खराब होतात. रिव्हर्बला त्याचेच २.५ वजनाचे तेल लागते. सिरिंजही वेगळ्या ठेवा आणि त्यांवर नाव लिहा.

गिऱ्हाइकाला सांगण्याच्या गोष्टी

सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलू नये. त्याने आत हवा ओढली जाते. चकचकीत नळी रोज मऊ कापडाने पुसावी. आपल्याकडची उन्हाळ्यातील धूळ सील खाते. पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल लावताना ती नळी पकडीत धरू नये; एक ओरखडाही गळतीला पुरतो.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. सिरिंजचा संच, योग्य तेल, टॉर्क्सच्या चाव्या आणि स्वच्छ हात पुरतात. मजुरी आधी ठरवा, काय केले ते चिठ्ठीवर लिहून द्या. दुसऱ्याची महागडी वस्तू दुकानात असते तेव्हा ती अमानत असते. ती सांभाळणाऱ्या मिस्त्रीचे नाव एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाते.