अकरा नऊ आणि एक विसरलेला पासवर्ड

आठवड्याला २८ अब्ज. गूगल फोटोजवर जगभरातून चढणाऱ्या नव्या फोटो-व्हिडिओंचा हा आकडा खुद्द गूगलने २०२० साली दिला होता. म्हणजे दर सेकंदाला ४६ हजारांच्या वर. त्या एका आठवड्याचा ऐवज सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता कुणी बघत बसलं, तर ८८७ वर्षं लागतील. २०२० मध्ये बघून संपवायचा, तर बसायला हवं होतं ज्ञानेश्वरी सांगितली जाण्याच्याही दीडशे वर्षं आधी. त्या वेळी गूगलकडचा एकूण साठा ४ लाख कोटींचा होता. २०२५ पर्यंत तो ९ लाख कोटींच्या वर गेला. एवढं सगळं त्याच वेगाने बघायला २ लाख ८५ हजार वर्षं हवीत. आधुनिक मानव पृथ्वीवर येऊनच जेमतेम तीन लाख वर्षं झाली आहेत.

व्हॉट्सॲपचं गणित थोडं वेगळं. तिथे दिवसाला १०० अब्ज मेसेज जातात, असं २०२० च्या ऑक्टोबरात मार्क झुकरबर्ग यांनी सांगितलं. सेकंदाला साडेअकरा लाख! आकडा ऐकून छाती दडपते, पण मेसेज नुसत्या अक्षरांचे असतील तर त्यांना जागा फारच थोडी लागते. मेसेजला १०० बाइट धरले, तर साऱ्या जगाची दिवसभराची बडबड १० टीबीत बसते. मोठ्या डेटा सेंटरांत आजही चुंबकीय टेप वापरतात. एलटीओ-९ जातीच्या, तळहातावर मावणाऱ्या एका टेपमध्ये १८ टीबी राहतात. ती अर्ध्याच्या थोडी वर भरेल, इतकंच.

जागा खातं ते चित्र. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की उकार, संगणकात ३ बाइट घेतं. ‘शुभ सकाळ’ टाइप केलं की मधली मोकळी जागा धरून २२ बाइट झाले. तेच शब्द उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि गुलाबाच्या फुलासकट चित्रातून आले, की एक लाख बाइट सहज. तेवढ्या जागेत ‘शुभ सकाळ’ साडेचार हजार वेळा लिहून होतं. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या युनिकोडात उतरवल्या तर दोनेक एमबी होतात. बऱ्या फोनवर काढलेला एक फोटो याहून जड असतो. गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत अशा साडेसात हजार ज्ञानेश्वऱ्या राहतील. पण सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के व्हिडिओला मिनिटाला सुमारे ४०० एमबी लागतात, म्हणजे तेच १५ जीबी ३७ मिनिटांत संपले. पुतण्याची हळदसुद्धा पुरी होत नाही तेवढ्यात.

भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची, असा वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा अंदाज २०१८ मध्ये छापून आला होता, तो सकाळच्या शुभेच्छांच्याच संदर्भात. त्याच वर्षाच्या अखेरीपासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप गूगलच्या कोट्यात मोजणं बंद झालं होतं. २०२४ मध्ये ती सवलत गेली. तेव्हापासून मामेबहिणीच्या ग्रुपवरचा सूर्य आणि बँकेची ईमेल एकाच १५ जीबीत दाटीवाटीने राहतात.

आता हा ऐवज कसा सांभाळला जातो ते पाहा. ॲमेझॉनची एस३ सेवा आणि गूगल क्लाउड यांची रचना वर्षभरात ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा मिळावा अशी केलेली आहे. मोजून अकरा नऊ. तुमचे ५० हजार फोटो अशा ठिकाणी ठेवले, तर सरासरीने एक फोटो हरवायला २० लाख वर्षं जावी लागतील. डिस्क काही अमर नसतात. हजारोंच्या ताफ्यात त्या बिघडतच राहतात. युक्ती मांडणीत आहे. फेसबुकने २०१४ मध्ये आपली एक पद्धत जाहीर केली. तीत माहितीचे १० तुकडे करून त्यांवरून गणिताने ४ जादा तुकडे काढतात आणि चौदाही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. कुठलेही चार गेले तरी उरलेल्या दहांवरून मूळ माहिती जशीच्या तशी उभी राहते. हे गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्येच मांडलं होतं. सीडीवर ओरखडा आला तरी गाणं चालतं, ते त्याच्याच जोरावर.

कुलपाची बाजूही तितकीच भक्कम. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन द्यायला सुरुवात केली. पासवर्ड नको असेल तर ६४ चिन्हांची किल्ली घेता येते आणि प्रत्येक चिन्हाला १६ पर्याय असतात. एकं, दहं करत जाणारी आपली मोजणी परार्धाला, म्हणजे अठरा अंकांवर, थांबते. या किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. पृथ्वीवरची ८ अब्ज माणसं विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे १३.८ अब्ज वर्षं, प्रत्येकी सेकंदाला एक अब्ज किल्ल्या लावून बघत बसली असती, तरी बघून झालेल्या किल्ल्यांचा आकडा आज ३७ अंकीच असता. या कुलपाची किंमत जागेत मोजावी लागते. ग्रुपमधल्या पन्नास जणांनी ते लावलं, तर एकच सूर्य पन्नास बॅकअपांत पन्नास वेगळ्या रूपांत पडून राहतो. सारं एकच आहे हे साठवणाऱ्याला ओळखताच येत नाही.

एवढं असूनही माहिती जाते, आणि बहुधा डिस्कमुळे नाही. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या एका सॉफ्टवेअर बिघाडाने ०.०२ टक्के जीमेल खाती रिकामी दिसू लागली. वेगवेगळ्या डेटा सेंटरांतल्या प्रतीही त्या बिघाडाच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. टपाल परत आलं ते जोडणीबाहेर ठेवलेल्या टेपवरून. दक्षिण कोरियाच्या सरकारचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरची ८५८ टीबी माहिती जळाली. साठा फार मोठा म्हणून दुसरीकडे प्रत ठेवलीच नव्हती. ८५८ टीबी म्हणजे वर सांगितलेल्या ४८ टेप. कपाटाचा एक कप्पा पुरला असता.

आपल्या घरचा हिशेबही तिथेच येतो. ती ६४ चिन्हं किंवा पासवर्ड हरवला, तर व्हॉट्सॲपसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. आयफोनचा आयक्लाउड बॅकअप बंद केला, की जुनी प्रत १८० दिवसच राहते. अकरा नऊ डिस्क सांभाळतात. खातं चालू ठेवणं, किल्ली वहीत उतरवणं आणि घरातल्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत घेणं त्या हिशेबात धरलेलंच नाही. आणि बॅकअप आहे असं म्हणण्याआधी तो दुसऱ्या फोनवर एकदा उतरवून पाहावा. तोपर्यंत आपल्याकडे असते ती ‘बॅकअप पूर्ण’ अशी पाटी फक्त.